पुढच्या पिढीचे पाणी : एस. सत्यमूर्ती

महाबळेश्वरी उगम पावणाऱ्या कृष्णेच्या पाण्यावर दूरच्या चेन्नई शहराचीही तहान भागते, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते. हे पाणी कालव्याने ज्या जलाशयात उतरते, तो चेन्नईपासून सुमारे ६० किलोमीटरवर पूंडी येथे आहे. त्याचे नाव सत्यमूर्ती सागर. ज्यांचे नाव त्याला लाभले, ते एस. सत्यमूर्ती हे थोर देशभक्त, अमोघ वक्ते आणि मद्रास शहराचे महापौर होते. त्यांच्या वक्तृत्वाची कीर्ती मोठी आहे. परंतु आपल्या पश्चात जन्मणाऱ्यांच्या तहानेची चिंता वाहणारा लोकप्रतिनिधी म्हणूनही त्यांचे स्मरण व्हावयास हवे.

सत्यमूर्तींचा जन्म १९ ऑगस्ट १८८७ रोजी तत्कालीन पुदुकोट्टै संस्थानातील तिरुमयम या गावी झाला. बालवयातच पितृछत्र हरपले. तरीही त्यांनी शिक्षण सोडले नाही. मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजातून पदवी आणि पुढे कायद्याचे शिक्षण घेऊन त्यांनी वकिली आरंभिली. परंतु मन रमले ते राष्ट्रकार्यात. तमिळ, संस्कृत आणि इंग्रजी या तिन्ही भाषांवर त्यांचे प्रभुत्व होते. नाटक आणि संगीत यांचीही त्यांना मनापासून ओढ होती. १९२३ पासून मद्रासच्या विधिमंडळात आणि १९३४ नंतर दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात त्यांनी परकीय सरकारला आपल्या प्रश्नांनी आणि युक्तिवादांनी अक्षरशः जेरीस आणले.

१९३९ साली ते मद्रासचे महापौर झाले. महापौरपदाची मुदत अवघी एका वर्षाची. एवढ्या अल्पावधीत एखादे उद्यान उभारावे, एखादा रस्ता करावा आणि कोनशिलेवर नाव कोरून घ्यावे, हा सोपा मार्ग होता. सत्यमूर्तींनी मात्र शहराचा सर्वांत अवघड प्रश्न हाती घेतला. मद्रासला बारमाही नदी नाही. तेथील मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या काळात पडतो. त्या थोड्या दिवसांत नद्या दुथडी भरून वाहतात, पाणी समुद्राला मिळते आणि उन्हाळ्यात पात्रे कोरडी पडतात. १८७२ पासून शहराची भिस्त चोलावरम आणि रेड हिल्स या तलावांवर होती. शहर मात्र वाढतच होते. १९३१ च्या जनगणनेत सुमारे साडेसहा लाख असलेली वस्ती १९४१ मध्ये पावणेआठ लाखांच्या घरात गेली. साठा तेवढाच आणि तोंडे वाढलेली, असा हा पेच होता.

त्यावर उपाय होता तो कोसस्थलैयार नदीचे पुराचे पाणी वरच्या अंगालाच अडवून साठविण्याचा. आराखडे अभियंत्यांनी आखावयाचे असतात. परंतु त्यांना मंजुरी आणि पैसा मिळवून देणे हे लोकप्रतिनिधीचे काम. महायुद्धाच्या धामधुमीत सरकारला अशा खर्चाला राजी करणे सोपे नव्हते. सत्यमूर्तींनी पाठपुरावा सोडला नाही आणि ऑगस्ट १९४० मध्ये गव्हर्नर सर आर्थर होप यांच्या हस्ते पूंडी येथे पायाभरणी झाली. ज्या राजवटीशी आयुष्यभर झुंज दिली, तिच्याकडूनच जनतेच्या पाण्याचे काम त्यांनी करवून घेतले. तत्त्व न सोडता लोकहित साधण्याचे हे कसब विरळा.

पुढची दोन-अडीच वर्षे त्यांच्यासाठी खडतर ठरली. १९४२ च्या छोडो भारत आंदोलनात त्यांना अटक झाली आणि आपल्या विदर्भातील अमरावतीच्या तुरुंगात धाडण्यात आले. तेथवरचा प्रवास आणि कैद यांनी त्यांचे शरीर खचले. २८ मार्च १९४३ रोजी मद्रासच्या रुग्णालयात त्यांची प्राणज्योत मालवली. वय अवघे पंचावन्न. पूंडीचा जलाशय पूर्ण झाला तो १९४४ साली. सुमारे ६५ लाख रुपये खर्चून अडीच टीएमसीहून थोडे अधिक पाणी साठविण्याची सोय झाली. परंतु ते पाणी पाहावयास सत्यमूर्ती नव्हते.

त्यांच्या दूरदृष्टीची खरी प्रचीती अर्धशतकानंतर आली. १९७६ मध्ये महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश या तीन राज्यांनी कृष्णेच्या आपापल्या वाट्यातून प्रत्येकी ५ टीएमसी पाणी मद्रासला देण्याचे मान्य केले. तेलुगू गंगा या नावाने ती योजना आकाराला आली आणि १९९६ साली कृष्णेचे पाणी तमिळनाडूत पोहोचले. शेकडो किलोमीटर वाहून आलेल्या त्या पाण्याला उतरण्यासाठी पूंडीचा जलाशय सज्ज होता.

तरीही एका पिढीची तरतूद सर्व पिढ्यांना पुरत नाही. २०११ पर्यंत चेन्नई आणि परिसराची लोकसंख्या सुमारे ८६ लाखांवर गेली. तळी बुजली, जमिनीवर सिमेंट पसरले. २००३ मध्ये तमिळनाडूने घरोघरी पर्जन्यजल संधारण सक्तीचे केले, समुद्राचे पाणी गोडे करणारे प्रकल्पही उभे राहिले. तथापि २०१९ च्या उन्हाळ्यात शहराचे मोठे जलाशय जवळजवळ कोरडे पडले. पाणी साठविण्याइतकेच ते जपून वापरणेही नियोजनाचेच अंग आहे, हा धडा त्या उन्हाळ्याने दिला.

सत्यमूर्तींनी पाण्यासारखीच माणसांचीही पेरणी केली. त्यांनी घडविलेले के. कामराज पुढे मद्रास राज्याचे मुख्यमंत्री झाले आणि गावोगावी शाळा व शाळांत मध्यान्ह भोजन नेणारे म्हणून ख्यातकीर्त झाले. आपल्या शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षात हे चरित्र आठवावे असे वाटले, याचे कारण हेच. शाळा काढणारेही आपण न पाहिलेल्या मुलांसाठीच वर्ग बांधीत असतात. साठ वर्षांपूर्वीच्या त्या ओंजळीतून आपण आज प्यालो. आता पुढच्या साठ वर्षांचा साठा करणे आपल्याकडे आले आहे.