वालचंद हिराचंद : कळंबच्या माळावरची साखर

मी कॉन्व्हेंटची विद्यार्थिनी. मराठीत लेख लिहायची ही पहिलीच वेळ, तेव्हा चुकभूल द्यावी घ्यावी. विषय मात्र घरचा आहे. आम्ही कळंबचे, आणि माझे आजोबा वालचंदनगरच्या साखर कारखान्यात पॅनमन होते.

शेठ वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म 23 नोव्हेंबर 1882 रोजी सोलापूरच्या व्यापारी जैन कुटुंबात झाला. कॉलेजसाठी ते मुंबई-पुण्याला गेले, पण डिग्री काही पूर्ण झाली नाही. घरचा धंदा कापूस आणि सावकारीचा. त्यात मन रमेना, म्हणून लक्ष्मणराव फाटक यांच्याबरोबर भागीदारी करून ते रेल्वेचे कंत्राटदार झाले. बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून सुरुवात झाली आणि पुढे बोरघाटातल्या बोगद्यांपर्यंत मजल गेली.

मग समुद्र. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी सिंदिया कंपनी काढली आणि 5 एप्रिल 1919 रोजी ‘लॉयल्टी’ ही बोट मुंबईहून लंडनला निघाली. बलाढ्य ब्रिटिश कंपन्यांनी दर पाडून ही कंपनी बुडवायचा प्रयत्न केला, पण ती टिकली. आज 5 एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन आहे.

आता आमच्या गावाकडे येऊ. इंदापूर तालुक्यातला हा भाग मूळचा कमी पावसाचा. भाटघर धरणाचं पाणी नीरा डाव्या कालव्यातून आलं तेव्हा ऊस शक्य झाला. त्या काळी देशात जावाची साखर यायची. 1932 मध्ये देशी साखरेला संरक्षण देणारा कायदा झाला आणि त्याच सुमारास वालचंदशेठनी कळंबच्या शिवारात कारखाना उभा केला. त्याभोवती वसलेली वसाहत म्हणजे वालचंदनगर. ऊस एकीकडे आणि कारखाना दुसरीकडे असं न करता त्यांनी शेत आणि कारखाना शेजारी-शेजारी ठेवले.

यात काय विशेष, असं मला वाटायचं. ते कळलं फ्लुइड मेकॅनिक्सच्या तोंडी परीक्षेत. सरांनी विचारलं की कण तरंगत असलेला, चिकट आणि थोडा लवचिक असा द्रव कुठे पाहिला आहेस? मी गप्प. सुट्टीत आजोबांना हे सांगितलं तर ते हसायलाच लागले. त्यांची सगळी नोकरी त्याच द्रवासमोर गेली होती!

पॅनमध्ये उसाचा पाक व्हॅक्यूमखाली आटवतात. त्यात साखरेचे दाणे वाढतात आणि दाणे व मळीचा जाड लगदा तयार होतो. त्याला मॅसेक्विट म्हणतात. पाक किती आटला हे आजोबा दोन बोटांत तार ओढून सांगायचे. हा लगदा पुढे क्रिस्टलायझरमध्ये सावकाश ढवळला जातो आणि सेंट्रिफ्युगलमध्ये गरगर फिरवून दाणे वेगळे काढतात.

तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला की घोटाळा होतो. ल्युकोनॉस्टॉक नावाचे जिवाणू साखर खाऊन डेक्स्ट्रान बनवतात. हा लांबलचक साखळीचा रेणू. तो पाकात गेला की पाक जास्त चिकट होतो आणि ताणल्यावर तार धरतो. दाणेसुद्धा चौकोनी न वाढता सुईसारखे लांब होतात, जाळीत अडकतात आणि मळी नीट निथळत नाही.

पाण्यासारख्या साध्या द्रवाच्या अगदी संथ प्रवाहात लहान कण साधारण आपापल्या रेषेत जातात. लांब रेणूंचा लवचिक द्रव मात्र ताणला जातो आणि कणांना आडवं ढकलतो. नळीतून वाहताना कण मधोमध सरकतात. अशा काही द्रवांत ते एकामागे एक माळेसारखे लागतात. म्हणजे द्रव कणांना नुसता वाहून नेत नाही, त्यांची जागासुद्धा ठरवतो. म्हणूनच ऊस तासाभरात गव्हाणीत पडणं आणि दोन दिवसांनी पडणं यात एवढा फरक. शेताशेजारच्या कारखान्याचा अर्थ मला तेव्हा समजला.

शेठजी साखरेवर थांबले नाहीत. 1940 मध्ये बंगळूरला म्हैसूर सरकारबरोबर विमान कारखाना, 1941 मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीची पायाभरणी, 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स. विमान कारखाना तर 1942 मध्येच सरकारच्या ताब्यात गेला. विशाखापट्टणमला बांधलेली ‘जलउषा’ मात्र 1948 मध्ये पाण्यात उतरलेली त्यांच्या हयातीत देशाने पाहिली. नंतर पक्षाघात झाला, कामातून निवृत्ती घ्यावी लागली आणि 8 एप्रिल 1953 रोजी गुजरातमध्ये सिद्धपूर येथे त्यांचं निधन झालं. त्यांच्या वालचंदनगरातून पुढे इस्रोच्या रॉकेटचे सुटे भागसुद्धा बनून गेले, आणि सांगलीचं वालचंद कॉलेज तर आपल्या सर्वांना माहीत आहेच.

डिग्री नसलेल्या माणसाच्या नावाने इंजिनिअरिंग कॉलेज आहे, आणि मी डिग्रीच्या वाटेवर असून घरासमोरचा द्रव मला ओळखता आला नाही. तोंडी परीक्षेतले ते मार्क गेले ते गेलेच. पण आता मेसमधल्या चहात साखर टाकताना मी दाण्याचा आकार बघते. मैत्रिणी हसतात. हसू देत!