कापसाचा राजा आणि कागदावरची जमीन

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला. मी पडलो बँकेतला माणूस, साहित्य मला कुठून येणार? पण कोजागिरीला गच्चीवर जमलो की आपले तरुण सभासद हटकून तेच प्रश्न विचारतात. गुंतवणूक म्हणून दुसरा फ्लॅट घ्यावा का, कर्ज किती काढावं, बांधकाम चालू असलेला स्वस्तात मिळतोय तर घ्यावा का? अशा वेळी मी प्रेमचंद रायचंद यांचं चरित्र सांगतो. तेच इथे लिहितो.

प्रेमचंद यांचा जन्म १८३१ चा, सुरतेचा. कुटुंब मुंबईत आलं. इंग्रजी लिहिता-वाचता येणारे देशी दलाल तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांत हे एक, त्यामुळे लवकर पुढे आले. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला आणि इंग्लंडच्या गिरण्या मुंबईकडे वळल्या. शहरात पैशाचा पूर आला. प्रेमचंद कापसाचे आणि शेअर बाजाराचे राजेच झाले.

आता हा पैसा ठेवायचा कुठे? मुंबईत जागा कमी, म्हणून समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. सगळ्यांत गाजली ती बॅकबे रिक्लमेशन. तिचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. जमीन अजून पाण्याखालीच होती बरं का! लोक भराव बघायला गेलेच नाहीत, कालचा भाव आणि आजचा भाव एवढंच बघत राहिले. त्यात १८६३ मध्ये बँक ऑफ बॉम्बेला शेअरच्या तारणावर कर्ज द्यायची मुभा मिळाली. बँकेत प्रेमचंद यांचं मोठं वजन होतं. कर्ज काढून शेअर घ्यायचे, ते गहाण टाकून पुन्हा कर्ज काढायचं, असं चक्र सुरू झालं. तारण आणि कर्ज दोन्ही एकाच भावाच्या खुंटीला टांगलेलं. बँकेत उभा जन्म गेल्यामुळे हे वाचताना आजही माझ्या पोटात गोळा येतो.

१८६५ च्या एप्रिलमध्ये युद्ध संपलं आणि कापूस कोसळला. १ जुलैला वायद्यांचे पैसे चुकते करायचे होते. देणारे सगळेच, घेणारा कोणी नाही. बॅकबेचा शेअर दोन हजारांच्याही खाली आला. १८६८ मध्ये बँक ऑफ बॉम्बे मोडीत निघाली. प्रेमचंदही बुडाले.

हे सगळं मला पाठ होतं. तरीही १९९५ साली, भाव शिगेला असताना, मी प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढून दुसरा फ्लॅट बुक केला. बँकेत दुसऱ्यांचे सर्च रिपोर्ट बारकाईने तपासणारा मी, स्वतःच्या वेळी रंगीत माहितीपत्रकावर भुललो. इमारत जोत्याच्या वर आलीच नाही. भाव पडले, बिल्डर दिसेनासा झाला. मुलीच्या शिक्षणासाठी सौभाग्यवतींनी पाटल्या काढून दिल्या. त्या एका शब्दानेही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

म्हणून तरुणांना माझं सांगणं एवढंच. जागेवर स्वतः जा, तीही दोनदा, त्यातली एक खेप पावसाळ्यात. जमिनीची मालकी आणि बांधकामाची परवानगी आपल्या वकिलाकडून तपासून घ्या, बिल्डरच्या नव्हे. भाडं एक पैसाही आलं नाही तरी पगारातून हप्ता निघेल एवढंच कर्ज काढा. राहतं घर कधीही गहाण टाकू नका. आणि विकायची वेळ आली तर घेणारा कोण, हे घेतानाच विचारा.

प्रेमचंद मात्र परत उभे राहिले. दलालीचा धंदा त्यांनी नव्याने सुरू केला. १८७५ मध्ये शेअर दलालांची संघटना स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत ते होते. १९०६ मध्ये ते वारले. तेजीच्या काळात, १८६४ मध्ये, त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी आणि मनोऱ्यासाठी चार लाख रुपये दिले होते. १८७८ मध्ये पुरा झालेला तो मनोरा आईच्या नावाने राजाबाई टॉवर म्हणून आजही उभा आहे. चर्चगेटला उतरलात तर मुलांना जरूर दाखवा आणि ही गोष्टही सांगा.

सोसायटीला रौप्यमहोत्सवी शुभेच्छा!