सुरश्री केसरबाई केरकर : अंत्रूजच्या मातीतील स्वर

नवरात्र सरून भाताची कापणी आटोपली, की गोमंतकात उत्सवांचा काळ सुरू होतो. पेडण्याची कोजागिरीची पुनव, डिचोली महालात सांखळीनजीक विठ्ठलापूर येथे त्रिपुरारी पौर्णिमेचा नौकोत्सव, त्यामागून गावोगावच्या जत्रा, दशावतारी काले, नाटके आणि माघ पौर्णिमेस मंगेशीची जत्रा, अशी ही साखळी शिशिर सरेपर्यंत अखंड चालते. आपल्या वास्को शहराचा मोठा उत्सव, श्रीदामोदराचा सप्ताह, हा श्रावणातला. त्यातील पार व गायनाच्या बैठका भर पावसाळ्यात होतात. थंडीच्या दिवसांत मात्र येथील कुटुंबांची पावले आपापल्या गावच्या देवळाकडे आणि पणजीच्या रंगमंदिरांकडे वळतात. या दिवसांतील एक मानाचा संगीतसमारोह म्हणजे दर नोव्हेंबरात कला अकादमी भरवीत आलेला सुरश्री केसरबाई केरकर स्मृती संगीत समारोह. भारतभरच्या नामवंत गायक-वादकांनी येथे हजेरी लावली आहे. ज्यांच्या नावाने हा समारोह ओळखला जातो, त्या केसरबाईंचे चरित्र आपल्या देवालयांच्या इतिहासाशी किती निकट जोडलेले आहे, याचे स्मरण महाजन कुटुंबांनी ठेवणे अगत्याचे आहे.

गोमंतकात केरी नावाची गावे एकाहून अधिक आहेत. पेडण्यात तेरेखोलच्या मुखाशी एक केरी आहे, सत्तरीत दुसरी आहे. केसरबाईंची केरी ही फोंडा, म्हणजेच अंत्रूज महालातील. श्रीविजयादुर्गेचे स्थान म्हणून ती आपणां सर्वांस परिचित आहे. ही देवी मूळची सांखवाळची, म्हणजे आपल्या वास्कोनजीकच्या, आजच्या मुरगाव तालुक्यातील गावची. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी देवालये उद्ध्वस्त करण्यास आरंभ केला, तेव्हा भाविकांनी जीव धोक्यात घालून आपली दैवते त्यांच्या अंमलाबाहेरील प्रदेशात नेली. सांखवाळचा श्रीलक्ष्मीनृसिंह वेलिंगेस गेला आणि श्रीविजयादुर्गा केरीस गेली. अंत्रूज महाल अठराव्या शतकापर्यंत पोर्तुगिजांच्या हाती लागला नाही, म्हणून तेथे देवळे नव्याने उभी राहिली. देवळांबरोबर पूजा आली, पालखी आली, चौघडा आला, आणि देवापुढे गाणारी-नाचणारी कलावंतांची घराणीही आली. अंत्रूज ही संगीताची खाण म्हणून ओळखली जाते, तिचे मूळ या स्थलांतरात आहे.

अशाच एका कलावंत कुटुंबात १३ जुलै १८९२ रोजी केरी येथे केसरबाईंचा जन्म झाला. त्या काळच्या कलावंत स्त्रियांचे जीवन आज आपणांस स्पष्ट शब्दांत आठवावयास हवे. देवाच्या सेवेत त्यांचे गायन आवश्यक मानले जाई. पालखी निघावी आणि सभामंडपात त्यांचा स्वर नसावा, हे उत्सवाचे न्यून समजले जाई. परंतु देवळाच्या कारभारात त्यांना शब्द नव्हता, विवाहाचा मान नव्हता, आणि समाजात त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टी आदराची नव्हती. गाणे हवे, पण गाणारीस प्रतिष्ठा नको, असा हा विपरीत व्यवहार होता. केसरबाईंचे पुढील सारे आयुष्य म्हणजे या व्यवहारास दिलेले उत्तर होय.

मुलीचा गळा जन्मजात सुरेल आहे, हे घरच्यांनी लवकर ओळखले. वयाच्या आठव्या वर्षी त्यांना कोल्हापुरास नेण्यात आले व तेथे अब्दुल करीम खाँसाहेबांकडे त्यांनी काही महिने धडे घेतले. गोव्यास परतल्यावर पंडित रामकृष्णबुवा वझे यांच्याकडून त्यांना तालीम मिळू लागली. बुवांचे डिचोलीनजीक लामगाव येथे येणे-जाणे असे, आणि ते आले म्हणजे शिक्षण चाले. डिचोलीतून ये-जा करणाऱ्या आपल्या वाचकांपैकी अनेकांनी लामगाव पाहिले असेल. परंतु पुढे सर्व हिंदुस्थानात गाजलेल्या एका गळ्यावरील आरंभीचे संस्कार तेथे झाले, हे फार थोड्यांस ठाऊक असते.

१९०८ साली, सोळाव्या वर्षी, केसरबाई आई व मामांसह मुंबईस गेल्या. गोव्यातील कलावंत कुटुंबांस त्या काळी मुंबई हे मोठे आशास्थान होते. तेथे रसिक धनिक होते, मोठमोठे उस्ताद होते, आणि गावातील बंधने तेथे तितकी जाचक नव्हती. सेठ विठ्ठलदास द्वारकादास यांच्या साहाय्याने बरकतउल्ला खाँ या थोर सतारियांकडे त्यांचे शिक्षण सुरू झाले. पण खाँसाहेब दरबारी नोकरीतले. त्यांच्या सवडीने तालीम व्हायची व खंडित व्हायची. पुढे भास्करबुवा बखले यांच्याकडे काही महिने शिकावयास मिळाले, तोच बुवांचा मुक्काम पुण्यास हलला. पुन्हा वझेबुवांकडे काही काळ शिक्षण झाले. अशी बारा-तेरा वर्षे गेली. गुरू सर्व थोर होते, परंतु एकाही गुरूचा सहवास पुरता लाभला नाही. बैठकी मिळू लागल्या होत्या, नावही होऊ लागले होते. एखादी सामान्य गायिका एवढ्यावर समाधान मानती. केसरबाईंनी ते मानले नाही. आपल्या गाण्यास पक्का पाया नाही, हे त्यांना स्वतःलाच डाचत होते.

हा पाया त्यांना मिळाला तो उस्ताद अल्लादिया खाँ यांच्यापाशी. खाँसाहेब जयपूर-अत्रौली गायकीचे प्रवर्तक. अनेक वर्षे ते कोल्हापूर दरबारी होते व नंतर मुंबईस येऊन राहिले. शिष्य पत्करण्याच्या बाबतीत ते अत्यंत चोखंदळ होते. बराच आग्रह झाल्यानंतर १९२१ साली त्यांनी केसरबाईंस गंडा बांधला. त्या वेळी बाईंचे वय अठ्ठावीस वर्षांचे होते. ज्या वयात गायिका नावलौकिक मिळवून स्थिर होतात, त्या वयात त्या पुन्हा आरंभापासून शिकावयास बसल्या. एकेक पलटा गळ्यात उतरेपर्यंत दिवसच्या दिवस घोटावा, स्वर लावण्याची जुनी सवय मोडून नवी लावावी, रोज कित्येक तास तालमीत जावेत, असा हा क्रम अकरा वर्षे चालला. त्यानंतरही १९४६ साली खाँसाहेब पैगंबरवासी होईपर्यंत गुरुशिष्यसंबंध अखंड राहिला. देवळाच्या छायेत जन्मलेली हिंदू कन्या आणि नमाजी, धर्मनिष्ठ मुसलमान उस्ताद, यांच्यामधील या विद्याव्यवहारात धर्म कोठे आड आला नाही, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

जयपूर घराण्याची गायकी अवघड समजली जाते. तिच्यात आकारयुक्त, मोकळा व भरदार आवाज लागतो. तान सरळ न जाता वळणे घेत, लयीच्या अंगाने गुंफली जाते. अनवट व जोडरागांचा साठा मोठा, आणि प्रत्येक आवर्तन समेपर्यंत बांधीव न्यावे लागते. मध्येच श्वास तुटला वा लक्ष ढळले तर सारा डोल कोसळतो. केसरबाईंच्या गळ्यात ही गायकी जणू घर करून राहिली. खर्जापासून तार सप्तकापर्यंत त्यांचा आवाज सारख्याच वजनाने फिरे. वर जाताना तो बारीक होत नसे की खाली येताना पोकळ होत नसे. विलंबित ख्याल हे त्यांचे बलस्थान. शृंगाराचा उथळपणा त्यांच्या गाण्यात औषधासही सापडत नसे.

गाण्याइतकाच त्यांचा बाणाही प्रसिद्ध होता. मैफलीत त्या भारदस्त पोशाखात, ताठ बसत. बिदागी स्वतः ठरवीत आणि ती थोडी नसे. श्रोत्यांत कुजबूज वा चुळबूळ झालेली त्यांना खपत नसे. संस्थानिकांच्या दरबारी त्या गायिल्या, परंतु लाचारीने नव्हे. काही जणांनी यास गर्व म्हटले. तथापि ज्या समाजात कलावंत स्त्रीस कोणीही बोलवावे व कोणत्याही दराने गाववावे अशी रूढी होती, तेथे आपल्या विद्येचे मोल आपणच ठरविणे हा गर्व नसून आत्मसन्मान होता. आकाशवाणीवर गाण्याचे त्यांनी टाळले. ध्वनिमुद्रिकाही मोजक्याच दिल्या. तीन मिनिटांच्या तबकडीत तासाचा राग कोंबणे त्यांना मानवणारे नव्हते. कन्येस त्यांनी गायनाच्या व्यवसायात न घालता वैद्यकीय शिक्षण दिले. शिष्या म्हणून धोंडूताई कुलकर्णी यांच्याखेरीज कोणासही त्यांनी मनापासून विद्या दिली नाही, याची खंत मात्र संगीतप्रेमींस राहिली आणि ती रास्तच होती. इतक्या कष्टाने मिळविलेले धन एकाच ओंजळीत ठेवणे, हे त्या विद्येच्या दृष्टीने धोक्याचे होते.

केसरबाई या पंक्तीत एकट्या नव्हत्या. कुर्डी गावच्या मोगूबाई कुर्डीकर या अल्लादिया खाँसाहेबांच्याच शिष्या. त्यांचे ते गाव पुढे साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. पेडणे महालातील मालपे गावचे नाव अंजनीबाई मालपेकरांनी भेंडीबाजार घराण्याच्या गायनातून सर्वदूर नेले. मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर यांनी नाट्यसंगीतात आपला वेगळा ठसा उमटविला. याच समाजातील कर्त्या मंडळींनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गोमंतक मराठा समाज या नावाने संघटना उभारली, मुलामुलींस शाळेत घातले, आणि जुन्या रूढींचे जोखड उतरवून टाकले. केसरबाईंचे मैफलीतले ताठ बसणे आणि समाजाचे हे ताठ उभे राहणे, या दोन गोष्टी एकाच काळातील आहेत.

मानसन्मान त्यांच्याकडे चालत आले. कलकत्त्याच्या संगीतप्रेमींनी त्यांना सुरश्री ही पदवी दिली. रवींद्रनाथ ठाकुरांसही त्यांच्या गायनाची आवड होती, असे सांगतात. १९५३ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९६९ साली पद्मभूषण आणि त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाकडून राज्यगायिका हा बहुमान त्यांना लाभला. आवाज पूर्वीसारखा साथ देणार नाही असे दिसताच, १९६० नंतरच्या दशकात, त्यांनी जाहीर गायन थांबविले. उतरलेला स्वर लोकांस ऐकविण्यापेक्षा मौन त्यांनी श्रेयस्कर मानले. १६ सप्टेंबर १९७७ रोजी मुंबई येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या निधनापूर्वी काही दिवसच एक अपूर्व घटना घडली होती. २० ऑगस्ट व ५ सप्टेंबर १९७७ या दिवशी अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अंतराळात सोडली. दोहोंमध्ये सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी ठेवली असून तीत पृथ्वीवरील निवडक संगीत साठविले आहे. भारताच्या वतीने त्यात केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. पहिले यान २०१२ साली व दुसरे २०१८ साली सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर, ताऱ्यांमधील अवकाशात पोहोचले. मैफलीचा शेवट भैरवीने करण्याचा आपला प्रघात; केरीच्या या कन्येची भैरवी मात्र संपावयाची नाही, अशा प्रवासास निघाली आहे.

केरी येथे त्यांच्या एका निवासस्थानाच्या जागी आज त्यांच्या नावाचे हायस्कूल आहे, आणि दर वर्षीचा संगीतसमारोह तर आहेच. तथापि आपणां महाजनांचे काही कर्तव्य उरते काय, याचा विचार या स्मरणिकेच्या निमित्ताने व्हावा. देवस्थानांच्या कारभारासाठी १९३३ साली झालेली नियमावली महाजनांचे हक्क व कर्तव्ये तपशिलाने सांगते. महाजन कुटुंबांची नावे वहीत नोंदवून आपण पिढ्यान्‌पिढ्या जपली. ज्यांच्या स्वरावाचून आपल्या पूर्वजांची पालखी हलली नाही, त्या कलावंत घराण्यांची नावे मात्र आपण तेवढ्या आस्थेने जपली नाहीत. जी नावे आज टिकून आहेत, ती त्या गायिकांनी मुंबई, कोल्हापूर, कलकत्ता येथे स्वकष्टाने मिळविलेल्या कीर्तीमुळे टिकली. आपल्या दप्तरामुळे नव्हे. केसरबाईंसारखी एखादीच एवढी उंची गाठू शकते. तिच्या मागे राहिलेल्या, देवापुढे आयुष्यभर गाऊन निनावी गेलेल्या स्त्रिया किती असतील, याची मोजदाद कोणी केलेली नाही.

म्हणून दोन सूचना नम्रपणे मांडाव्याशा वाटतात. पहिली ही, की आपापल्या देवालयाच्या गायन-वादन सेवेत असलेल्या घराण्यांची माहिती वयोवृद्धांकडून विचारून, त्या घराण्यांच्या संमतीने, पुढील स्मरणिकेत आदरपूर्वक नोंदवावी. दुसरी ही, की जत्रेच्या दिवसांत नाटक व कर्णकर्कश वाद्यवृंद यांच्या जोडीस निदान एक रात्र शास्त्रोक्त गायनाची असावी, आणि तीत गोव्यातील होतकरू गायक-गायिकांस मानाने व योग्य बिदागी देऊन बोलवावे. वास्को शहरात गायन शिकणारी मुले-मुली आहेत; त्यांना देवाचा सभामंडप पुन्हा खुला व्हावा, या वेळी मात्र पूर्ण सन्मानासह. ज्या देवतेस आपल्या पूर्वजांनी सांखवाळहून केरीस नेले, त्या विजयादुर्गेने केरीच्या कन्येचा स्वर विश्वाच्या पलीकडे पोहोचविला. तो स्वर ऐकण्याची आणि गाणाऱ्यास मान देण्याची बुद्धी आपणां सर्वांस लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.