मान मागे टाका, डोळे मिटा… आणि मार्थाला आठवा!

सलोनमध्ये हेअरकटला किंवा हेअर स्पाला गेलात, की सुरुवातीची पाच मिनिटं कशी असतात ते आठवून बघा. गळ्याभोवती टॉवेल येतो. तुम्हाला एका खुर्चीत बसवतात, पाठ मागे रेलते आणि मान बेसिनच्या कडेला असलेल्या खाचेत जाऊन बसते. मग कोमट पाणी. फेस डोळ्यांत जात नाही, शर्ट भिजत नाही आणि दोनच मिनिटांत आपल्याला पेंग यायला लागते. बेसिनला मानेपुरती खाच पाडायची, हे पहिल्यांदा कुणाला सुचलं असेल? मी तरी हा प्रश्न स्वतःला कधी विचारला नव्हता. बेसिन म्हटलं की खाच असणारच, असं आपण धरून चालतो.

ही खुर्ची आणि ही खाच ज्या बाईच्या नावावर सांगितली जाते, तिचं नाव मार्था माटिल्डा हार्पर. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत तिचं नाव दुकानांच्या पाट्यांवर झळकत होतं आणि राष्ट्राध्यक्षांच्या घरातली माणसं तिची गिऱ्हाइकं होती. पण त्याआधी जवळजवळ पंचवीस वर्षं ती दुसऱ्यांच्या घरात मोलकरीण होती. आणि खरं सांगायचं, तर तिच्या खुर्चीची गोष्ट तिथूनच सुरू होते.

मार्थाचा जन्म १० सप्टेंबर १८५७चा, कॅनडातल्या ओंटारियो प्रांतातल्या ओकव्हिलचा. घरची गरिबी. ती सात वर्षांची असताना वडिलांनी तिला दूरच्या ओरोनो गावी नातेवाइकांकडे कामाला पाठवून दिलं. सात म्हणजे आपल्या हिशेबाने दुसरीतली मुलगी. शाळा जवळपास तिथेच संपली. घासणं, पुसणं, धुणं आणि मोठी झाल्यावर मालकिणीचे केस विंचरणं, धुणं, बांधणं, हेच तिचं जग झालं.

आता त्या काळात केस धुणं म्हणजे काय प्रकार होता, ते जरा डोळ्यांसमोर आणा. केस कमरेच्या खाली. नळाला गरम पाणी बहुतेक घरांत नाही. म्हणजे चुलीवर पाणी तापवायचं, मालकिणीने परातीएवढ्या भांड्यावर पुढे वाकून मान खाली घालायची आणि मागून मोलकरणीने जगने पाणी ओतायचं. साबण तोंडावर ओघळणार, डोळे चुरचुरणार, कंबर धरणार. आजीने न्हाणीघरात पाटावर बसवून ज्यांच्या डोक्यावर शिकेकाईचं पाणी ओतलंय, त्यांना हे वेगळं सांगायला नको. त्यात तिकडे वापरायचे ते साबणच. पाणी जड असेल, तर साबणाचा चिकट पांढरट थर केसांवर राहायचा. आज आपण ज्याला शॅम्पू म्हणतो, तो साबण नसलेला प्रकार बाजारात आला १९३०च्या दशकात. एवढी यातायात असल्यावर केस वारंवार कोण धुणार? लोक धुतच नसत फारसे.

(जाता जाता, ‘शॅम्पू’ हा शब्द इंग्रजीत गेला तो आपल्याकडूनच. हिंदीतल्या ‘चाँपो’वरून, म्हणजे दाबा, चेपा. आधी इंग्रजीत त्याचा अर्थ अंग रगडून देणं एवढाच होता. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाटण्याच्या शेख दीन महंमदने इंग्लंडात ब्रायटनला वाफेचं स्नान आणि मालिश सुरू केली आणि हा शब्द तिकडे गाजवला. डोकं धुण्याचा अर्थ त्याला नंतर चिकटला.)

ओरोनोमध्ये मार्था एका डॉक्टरांकडे कामाला होती. केस निरोगी हवेत तर डोक्याची त्वचा स्वच्छ ठेवा, ब्रश करा, चोळून रक्ताभिसरण वाढवा, असं त्या डॉक्टरांचं मत. त्यांनी तिला हे सगळं समजावलं आणि मरताना स्वतःच्या हेअर टॉनिकची कृती तिच्या हवाली केली. मोलकरणीला मिळालेला वारसा म्हणजे एक कागद. तो घेऊन १८८२मध्ये ती सीमा ओलांडून अमेरिकेतल्या रॉचेस्टरला आली. आली ती पुन्हा मोलकरीण म्हणूनच. फरक इतकाच, की आता घरकाम उरकल्यावर ती मागच्या शेडमध्ये टॉनिक बनवायची आणि मालकिणीच्या, मग मालकिणीच्या मैत्रिणींच्या केसांवर वापरायची. दिवसा नोकरी, रात्री हा साइड बिझनेस. शेवटी तब्येत ढासळलीच. ‘ख्रिश्चन सायन्स’ या पंथातल्या एका बाईंच्या मदतीने आपण बऱ्या झालो, अशी तिची श्रद्धा होती. मार्था कायमची त्या पंथाची झाली आणि बरी झाल्यावर तिने ठरवलं, आता स्वतःचं दुकान.

हे ठरवणं किती धाडसाचं होतं, ते आज चटकन लक्षात येत नाही. पुरुषांसाठी न्हावी होते, पण बायकांचे केस घरात, दाराआड, नोकराणीच्या हातून व्हायचे. भल्या घरच्या बाईने बाजारात जाऊन परक्या ठिकाणी केस सोडून बसायचं, ही कल्पनाच लोकांना अचकट वाटायची. मार्थाने आयुष्यभर साठवलेले ३६० डॉलर काढले आणि १८८८मध्ये शहरातल्या सगळ्यात झोकदार इमारतीत, पॉवर्स बिल्डिंगमध्ये, जागा मागितली. मालक काचकूच करायला लागले. बायकांच्या केसांचं दुकान, म्हणजे नेमकं कसलं? मग मध्ये पडले वकील जॉन व्हॅन व्हूरिस. हे तेच, जे १८७२मध्ये मतदान केलं म्हणून अटक झालेल्या सुझन बी. अँथनींच्या बाजूने उभे राहिलेल्या वकिलांपैकी होते. जागा मिळाली, पण महिन्याच्या बोलीवर.

गिऱ्हाईक कुठून आणायचं? शेजारी एक संगीत शाळा होती. मुलांना सोडायला आलेल्या आया बाहेर ताटकळत उभ्या असायच्या. मार्था त्यांना म्हणाली, आत येऊन बसा की. बसता बसता त्या तिच्या गिऱ्हाईक झाल्या. दारावर तिने स्वतःचा फोटो लावला होता. पाठमोरी, केस मोकळे सोडलेले आणि ते थेट जमिनीला टेकलेले. आजच्या ‘बिफोर-आफ्टर’ रीलपेक्षा हे काही वेगळं नाही. आणि इथे थोडं थांबून म्हणायला हवं, की केस किती लांब वाढणार हे बरंचसं आपल्या जनुकांवर ठरतं. टॉनिकने ते जमिनीपर्यंत आले असं कुणी म्हणत असेल, तर मी मानणार नाही. मार्थाचे तसे केस तिच्या नशिबाने होते आणि त्यांचा उपयोग कसा करायचा हे तिच्या डोक्याने ठरवलं.

टॉनिकपेक्षा मला तिची खुर्ची मोठी वाटते. गिऱ्हाइकाने पुढे वाकायचं, ही पद्धतच तिने उलटी केली. पाठ मागे रेलेल अशी खुर्ची करून घेतली, बेसिनच्या कडेला मान बसेल अशी अर्धगोल खाच ठेवली. पाणी आता कपाळावरून मागे जाणार, डोळ्यांकडे नाही. धुणाऱ्या बाईला दोन्ही हात मोकळे आणि डोक्याचा मागचा भागही नीट हाताला लागतो. बसणारी बाई आरामात पहुडलेली, म्हणजे तिला घाई नाही, म्हणजे मालिशला वेळ मिळतो. या एका बदलाने केस धुणं ही उरकायची कटकट राहिली नाही, लोक पैसे देऊन घ्यायला लागले अशी चैन झाली. ही युक्ती वर्षानुवर्षं जग घेऊन मागे उभ्या राहिलेल्या बाईला सुचली, याचं मला अजिबात आश्चर्य वाटत नाही. वाकलेल्या बाईची कंबर तिने बघितली होती आणि स्वतःचीही.

(त्या खाचेचा एक तोटाही पुढे कळला. १९९३मध्ये अमेरिकेतल्या एका डॉक्टरांनी सलोनमध्ये मान फार मागे ताणली गेल्यावर मेंदूच्या रक्तपुरवठ्यावर परिणाम झालेल्या पाच स्त्रियांची नोंद केली. असं क्वचितच होतं, पण मान अवघडली तर संकोच न करता सांगा. खाली टॉवेलची घडी द्यायला सांगा.)

या खुर्चीचं पेटंट मार्थाने घेतलं नाही. आता योगायोग बघा. तिने दुकान उघडलं त्याच वर्षी, त्याच रॉचेस्टरमध्ये जॉर्ज ईस्टमनने ‘कोडॅक’ कॅमेरा आणला आणि सप्टेंबर १८८८मध्ये त्याचं पेटंटही मिळवलं. एकाच शहरातून निघालेल्या दोन वस्तू. ईस्टमनचं नाव शाळेच्या पुस्तकात आलं. मार्थाची खुर्ची कुणीही करायला लागलं, जगभर गेली आणि तिच्यावर कुणाचंच नाव राहिलं नाही. पेटंट घेतलं असतं तर? इंजिनीअरिंगवाले म्हणतील, मूर्खपणा केला. मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण मग तिने दुसरीकडे काय केलं ते वाचलं.

दुकान चाललं. सुझन बी. अँथनी स्वतः यायच्या. शिकागोच्या बड्या प्रस्थ असलेल्या बर्था पामर आल्या आणि म्हणाल्या, आमच्याकडेही शाखा काढा. १८९३चं जागतिक प्रदर्शन शिकागोत भरणार होतं. मार्थाने लगेच होकार दिला नाही. तिने अट घातली, तुमच्या पंचवीस मैत्रिणींकडून आम्ही गिऱ्हाईक होऊ असं लिहून आणा. विचार करा, काल-परवापर्यंत मोलकरीण असलेली बाई करोडपतीच्या बायकोकडून ऑर्डर बुक करून घेतेय!

या शाखा चालवणार कोण? मार्थाने पैसेवाले भागीदार शोधले नाहीत. तिने सुरुवातीच्या शाखा दिल्या त्या तिच्यासारख्याच बायकांना, घरकाम करणाऱ्यांना आणि कष्टकऱ्यांना. त्यांना शिकवून तयार करायचं. दुकान त्यांच्या मालकीचं, नाव ‘हार्पर मेथड’चं. पद्धत एकच, टॉनिक आणि इतर माल मार्थाकडून घ्यायचा, कामाची तपासणी व्हायची, जाहिरात सगळ्यांची मिळून. केस रंगवणं आणि कडक रसायनं तिच्या पद्धतीत बसत नव्हती. हे सगळं ओळखीचं वाटतंय ना? बीबीए, बीकॉमवाल्यांनो, तुम्ही फ्रँचायझी म्हणून जे शिकता तेच हे. मार्थाने ते १८९१च्या सुमारास सुरू केलं. रे क्रॉकने त्याचं पहिलं मॅकडोनाल्ड्स उघडलं १९५५मध्ये, तोवर मार्थाला जाऊन जवळपास पाच वर्षं झाली होती.

भर उमेदीच्या काळात तिची जवळपास पाचशे दुकानं होती, काही परदेशातसुद्धा. राष्ट्राध्यक्ष विल्सन पहिल्या महायुद्धानंतरच्या वाटाघाटींसाठी पॅरिसमध्ये होते, तेव्हा डोक्याच्या मालिशसाठी हार्पर पद्धतीकडेच वळले होते. पण मला जास्त भारी वाटतं ते दुसरंच. अमेरिकेतल्या बायकांना देशभर मतदानाचा हक्क मिळाला १९२०मध्ये. त्याआधीच मार्थाच्या शेकडो बायका आपापल्या गावात दुकानाच्या मालकीण झाल्या होत्या, नोकरी देत होत्या. आपल्या घरी येणाऱ्या मावशी उद्या एखाद्या ब्रँडेड सलोनच्या मालकीण म्हणून आपल्याला दार उघडतायत, असं कल्पून बघा. आजही किती अवघड वाटतं!

त्याच १९२०मध्ये मार्थाने लग्न केलं. ती ६३ची, नवरा रॉबर्ट मॅकबेन ३९चा. कंपनीत काम करणारा. हळूहळू कारभार त्याच्या हातात गेला. बाहेर फॅशनही बदलत होती. बॉबकट आला, पर्मनंट वेव्ह आली, रंग आले, ज्यांना मार्थाच्या पद्धतीत जागा नव्हती. ३ ऑगस्ट १९५०ला, ९३व्या वाढदिवसाला महिनाभर असताना, रॉचेस्टरमध्येच ती गेली. कंपनी पुढे दुसऱ्यांच्या हाती गेली आणि ‘हार्पर मेथड’ हे नाव पाट्यांवरून उतरत गेलं. २००३मध्ये तिला अमेरिकेच्या ‘नॅशनल विमेन्स हॉल ऑफ फेम’मध्ये घेतलं.

पॉवर्स बिल्डिंग रॉचेस्टरमध्ये अजून उभी आहे. महिन्याच्या बोलीवर मिळालेली ती जागा याच इमारतीत होती. जमिनीला टेकलेल्या केसांचा तो फोटो याच इमारतीत लागला होता आणि संगीत शाळेतल्या मुलांच्या आया त्याच्याखालून आत आल्या होत्या, पाच मिनिटं टेकायला म्हणून.