पेन्शनीनंतर फुललेली बाग

नोकरी संपली, पेन्शन सुरू झाली, आता दिवस कसा घालवायचा? आपल्याकडच्या कितीतरी गुरुजींना हा प्रश्न पडतो. अमेरिकेतल्या आल्मा थॉमस बाईंना तो पडला नाही.

बाईंचा जन्म १८९१ सालचा, जॉर्जिया राज्यातल्या कोलंबस गावचा. कातडीचा रंग काळा, म्हणून गावच्या वाचनालयाचं दार बंद. सुट्टीत मात्र अलाबामातल्या आजोबांच्या शेतावर फुलापानांत रमायला मिळे. १९०७ मध्ये कुटुंब वॉशिंग्टनला आले. १९२४ मध्ये हॉवर्ड विद्यापीठाच्या कला विभागातून पदवी घेणाऱ्या त्या पहिल्याच. पुढे ३५ वर्षे एकाच शाळेत चित्रकला शिकवली. स्वतःची चित्रं उरल्यासुरल्या वेळात.

१९६० मध्ये निवृत्त झाल्या आणि चित्रांनाच वाहून घेतलं. पण १९६४ मध्ये संधिवाताने गाठलं. ब्रश कायमचा खाली ठेवावा, इथपर्यंत पाळी आली. तेवढ्यात हॉवर्ड विद्यापीठाने त्यांचं प्रदर्शन ठरवलं. आता नवं काय मांडायचं? बाईंनी घराच्या खिडकीतून दिसणारं झाड न्याहाळलं. पानांतून झिरपणारं ऊन रंगांच्या लहान लहान ठिपक्यांनी कॅनव्हासवर उतरवलं. तीच त्यांची ओळख ठरली.

१९७२ मध्ये, वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावर, न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात त्यांचं एकटीचं प्रदर्शन भरलं. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला. १९७८ मध्ये त्या गेल्या.

गावच्या वाचनालयात जिला मज्जाव होता, तिचं चित्र २०१५ मध्ये थेट व्हाइट हाऊसच्या भिंतीवर लागलं!