गिर्यारोहक जॉर्ज मॅलरी

थोर पुरुषांचे चरित्र वाचताना आपली दृष्टी त्यांच्या पराक्रमावर खिळते. परंतु त्यांच्या हातून घडलेली चूक, आणि त्या चुकीनंतरचे त्यांचे वर्तन, यांतूनही पुष्कळ शिकण्यासारखे असते असे आम्हांस वाटते. जॉर्ज मॅलरी यांचे चरित्र या दृष्टीने पाहण्याजोगे आहे.

मॅलरी यांचा जन्म १८ जून १८८६ रोजी इंग्लंडमधील चेशायर परगण्यात एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. विंचेस्टर येथील शाळेत असतानाच त्यांना गिर्यारोहणाचा नाद लागला. केंब्रिज येथील शिक्षण संपल्यावर १९१० मध्ये ते चार्टरहाउस विद्यालयात शिक्षक झाले. पुढे कवी म्हणून प्रसिद्धीस आलेले रॉबर्ट ग्रेव्ह्‌ज हे त्यांचे तेथील विद्यार्थी. त्यांना पुस्तकांप्रमाणेच डोंगरांचीही गोडी मॅलरींनीच लावली. पहिल्या महायुद्धात मॅलरींनी तोफखान्यात काम केले आणि १९२१ मध्ये एव्हरेस्टच्या पहिल्या पाहणी-मोहिमेत ते सामील झाले.

दुसऱ्या वर्षीच्या मोहिमेत, २१ मे १९२२ रोजी, मॅलरी, सॉमरव्हेल व नॉर्टन हे प्राणवायूच्या नळकांड्यांवाचून २६,९८५ फूट उंचीपर्यंत पोहोचले. तेवढ्यावर समाधान न मानता आणखी एक प्रयत्न ठरला. मध्यंतरी मोठा हिमवर्षाव झाला होता. हिमाचा नवा थर खालच्या थराशी एकजीव झाला नसेल, तर तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर माणसाच्या भारानेही तो तडकतो आणि क्षणार्धात सारा उतार घसरू लागतो. हिमप्रपातात सापडलेल्या बहुतेकांनी तो नकळत स्वतःच ओढवून घेतलेला असतो, ही गोष्ट आज सर्वमान्य आहे. मॅलरींनी वाटेत एका तीव्र उतारावर हिमाची परीक्षा केली. ते तेथे घट्ट बसलेले दिसले, म्हणून पुढचा सौम्य उतार निर्धोक मानला गेला. परंतु एका ठिकाणचे हिम दुसऱ्या ठिकाणची हमी देत नाही. ७ जून रोजी, दुपारी, उत्तर खिंडीखालील उतार कोसळला. तीन साहेब व चौदा हमाल दोरांनी बांधलेले होते. त्यांपैकी नऊ हमाल बर्फाच्या कड्यावरून खालच्या भेगेत फेकले गेले. दोघांना जिवंत काढता आले. लाक्पा, नुरबू, पासांग, पेमा, सांगे, दोर्जे आणि तेंबा हे सात जण मरण पावले. साहेबांपैकी एकही दगावला नाही.

मॅलरींनी या मृत्यूंचा दोष स्वतःकडे घेतला. दैवावर वा हवामानावर ढकलला नाही. मात्र त्यांच्या पश्चात्तापाची खरी साक्ष पुढे दोन वर्षांनी मिळाली. मे १९२४ मध्ये त्याच उत्तर खिंडीवर चार हमाल अडकून पडले. उतार पुन्हा ताज्या हिमाने भरला होता. शिखराच्या चढाईसाठी शक्ती राखून ठेवणे शहाणपणाचे ठरले असते. तथापि प्रकृती बरी नसतानाही मॅलरी, नॉर्टन व सॉमरव्हेल वर गेले. नॉर्टन व मॅलरी यांनी दोर धरला, सॉमरव्हेल पुढे सरकले, आणि चौघेही सुखरूप खाली आले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ८ जून १९२४ रोजी, मॅलरी व तरुण अर्विन शिखराकडे निघाले ते परतलेच नाहीत. मॅलरींचा देह १ मे १९९९ रोजी सापडला. ते शिखरावर पोहोचले होते की नाही, याचा उलगडा झालेला नाही.

आम्हांस मात्र त्या प्रश्नाहून उत्तर खिंडीचा उतार अधिक महत्त्वाचा वाटतो. तेथे एकदा सात जीव गेले आणि एकदा चार वाचले. मॅलरींचे नाव घेताना त्या सात जणांची नावेही आपण विसरू नयेत.