कापडाची बाई

माझा शिवणाचा क्लास आहे, हे या सदराच्या नेहमीच्या मैत्रिणींना ठाऊक आहेच. त्यामुळे समोर काहीही आलं की माझी नजर आधी कापडावर आणि टाक्यांवर जाते. सवयच ती! तर झालं असं, की माझी लेक नर्सिंगला आहे. सुट्टीत घरी आली आणि मोबाइलवर एक फोटो दाखवून तिने मला विचारलं, हे काय असेल ओळख बघू.

फोटोत मळकट गुलाबी कापडाचं, आत ठासून भरलेलं बाईचं अंग होतं. कंबर, ओटीपोट, दोन मांड्या, बस्स. शेजारी कापडाचंच एक बाळ. मी शिवण बघितली. गोलाईला कुठे चुणी नाही, बारीक हाताची शिवण. मला वाटलं, कुणी तरी हौशी बाईने केलेली बाहुली असेल. लेक हसली. म्हणाली, ही बाहुली अडीचशे वर्षांपूर्वीची आहे, फ्रान्समधल्या एका सुईणीने बनवलेली. बाळंतपण कसं करायचं ते गावोगावच्या पोरींना शिकवायला.

मी चाटच पडले. कारण आमच्या वेळी शाळेत विज्ञानाच्या पुस्तकातलं ते प्रकरण आलं, की बाई घरी वाचा म्हणून पानं उलटायच्या. घरी कोण वाचणार? आणि खोटं कशाला बोलू, माझ्या लेकीला पाळी आली तेव्हा मीही तिला पॅकेट हातात दिलं, लोणच्याला शिवू नको म्हटलं आणि विषय संपवला. पोटात काय, कुठे, कसं असतं ते तिला मी सांगितलं नाही. मलाच कुठे माहीत होतं? म्हणून मग या सुईणीबद्दल मिळेल ते वाचत गेले. आज तिचीच गोष्ट सांगते.

तिचं नाव लांबलचक, आंजेलिक मार्गरित ल बुर्सिये द्यु कुद्रे. फ्रान्समध्ये तिला मादाम द्यु कुद्रे म्हणूनच ओळखतात. आपणही तेवढंच म्हणू या. तिचा जन्म अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा. पॅरिसमध्ये एका जाणत्या सुईणीच्या हाताखाली तिने तीन वर्षं उमेदवारी केली, परीक्षा दिली आणि १७४० साली ती परवाना असलेली सुईण झाली. परवाना बरं का! तिकडे तेव्हा शहरातल्या सुईणींना रीतसर परीक्षा असायची. पुढे पॅरिसच्या शल्यवैद्यांनी, म्हणजे सर्जन मंडळींनी, सुईणींना शिकवणं बंद केलं. तेव्हा आम्हाला शिक्षण मिळालंच पाहिजे म्हणून पॅरिसच्या सुईणींनी अर्ज केला. त्यात हीसुद्धा होती. बायकांना आधी शिकवायचं नाही आणि मग त्या अडाणी म्हणून बोल लावायचा, ही रीत काही आपल्याकडचीच नाही म्हणायची.

पॅरिसमध्ये दहा-अकरा वर्षं चांगला जम बसलेला असताना १७५१ मध्ये ती ओव्हर्न नावाच्या डोंगराळ भागात गेली. तिथली परिस्थिती बघून तिचा जीव कळवळला असणार. बाई अडली की शेजारपाजारच्या बायका जमायच्या आणि ज्याला जे सुचेल ते करायचं. मूल आडवं असलं, हात आधी बाहेर आला, की धरून ओढायचं. मूल तर जायचंच, पण आईही जायची किंवा जन्मभराची अधू व्हायची. हे वाईट हेतूने कुणी करत नव्हतं. आत काय आहे हेच कुणाला माहीत नव्हतं, एवढंच.

तिने त्या बायकांना शिकवायला घेतलं. पण शिकवणार कसं? बहुतेकींना अक्षरओळख नाही. पॅरिसची शुद्ध भाषाही पुष्कळ जणींना नीट कळायची नाही. शरीररचनेच्या पुस्तकातले शब्द सांगून त्यांच्या डोक्यात काही शिरेना. मग हिने विचार केला, की ऐकून कळत नाही तर हाताला कळू दे. आणि तिने सुई-दोरा घेतला!

आता या जागी मी जरा रेंगाळणार आहे, कारण हा माझ्या धंद्यातला भाग. तिने जे बनवलं त्याला ती यंत्र म्हणायची. बाईच्या अंगाचा खालचा भाग अगदी खऱ्या मापाचा. वरून कातडीच्या रंगाचं कापड आणि मऊ चामडं, आत भरण. ओटीपोटाची हाडं कुठे आणि कशी आहेत ते बोटांना लागावं अशी आतली बांधणी. गर्भपिशवी वेगळी शिवलेली. नाळ वेगळी, वार वेगळी. काही ठिकाणी नाड्या आणि पट्टे लावलेले, ते ओढले की वाट रुंद होते, सैल सोडले की आवळते. म्हणजे कळा देताना अंग कसं ताणतं ते शिकणाऱ्या मुलीच्या हाताला कळायचं. काही यंत्रांमध्ये तर तिने स्पंज बसवले होते आणि त्यातून लाल पाणी सोडायची सोय केली होती. पाणमोट फुटली, रक्त जायला लागलं, की नवशिकीचं धैर्य सुटतं. ते इथेच सुटून परत यावं, खऱ्या बाईच्या उशाशी नको, असा तिचा हिशेब असावा.

आणि बाळ! त्याला शिवलेले कान, नाक, शाईने काढलेले केस. तोंड नुसतं रंगवलेलं नाही, उघडं ठेवलेलं आहे आणि आत जीभही आहे. मला आधी वाटलं, ही हौस. लेकीने समजावलं. मूल पायाकडून येतं तेव्हा डोकं शेवटी अडकतं. त्या वेळी मानेला हिसका न देता मुलाच्या तोंडात अलगद बोट घालायचं, हनुवटी छातीकडे वळवायची आणि मग डोकं सोडवायचं असतं. ती सवय बोटाला लागावी म्हणून तोंडात बोट जाईल एवढी जागा ठेवली. एकेक टाक्यामागे असं कारण आहे. जुळी बाळंसुद्धा शिवली होती. निरनिराळ्या भागांवर नावाच्या चिठ्ठ्या लावलेल्या. मी इतकी वर्षं ब्लाउज शिवते, मापाची चूक झाली तर फार तर कापड वाया जातं. हिच्या मापात चूक चालणारच नव्हती.

पॅरिसच्या शल्यवैद्यांच्या अकादमीने हे यंत्र तपासलं आणि मान्य केलं. १७५९ साली तिचं बाळंतपणाच्या विद्येवरचं छोटेखानी पुस्तकही निघालं. त्याच वर्षी राजा पंधराव्या लुईने तिला फर्मान दिलं, की देशभर फिरून शिकवावं. राजाला बायकांचा एवढा कळवळा का आला? तर तेव्हा फ्रान्सची मोठी लढाई चालू होती आणि देशाची लोकसंख्या घटते आहे अशी दरबाराला धास्ती होती. शेताला माणसं हवीत, फौजेला माणसं हवीत. बाईचा जीव वाचावा हे त्या हिशेबात कितवं होतं कुणास ठाऊक. पण तिने संधी घेतली.

१७६० ते १७८३. तेवीस वर्षं ती रस्त्यावर होती! आज आपण एसटीने तासाभराचा प्रवास केला तरी कंबर धरून बसतो. ती घोडागाडीतून, पेट्यांमध्ये कापडाची बाई आणि बाळं घेऊन, चाळीसहून अधिक गावाशहरांतून फिरली. एका ठिकाणचा वर्ग साधारण दोन महिने. आसपासच्या खेड्यांतून पाद्री लोक मुली-बायका निवडून पाठवायचे. सांगून झालं की प्रत्येकीने पाळीपाळीने यंत्रावर हात चालवायचा. चुकलं की पुन्हा. तिच्या हाताखालून थेट शिकून गेलेल्या बायकांचा आकडा सुमारे ४,००० सांगतात. शिवाय ५०० च्या आसपास पुरुष सर्जन-वैद्यांनाही तिने शिकवलं. ती पुढच्या गावाला गेली, की त्यांनी तिथे यंत्रावर वर्ग चालू ठेवायचे, अशी व्यवस्था. ज्यांनी बायकांना शिकवायचं नाकारलं होतं, त्यांच्याच जातभाईंना आता एक सुईण शिकवत होती. (यात पुढे पुरुषांनी सुईणींची जागा घेतली तो भाग आहेच. तिने स्वतःच ते दार थोडं उघडून दिलं, असं मला वाटतं. पण तेवीस वर्षं एकटी बाई किती गावं धरून ठेवणार?)

ती काही गरीब गाय नव्हती हं. राहायला नीट घर, सरपण, सामान हे गावाने द्यायचं, असं ती आधी ठरवून घ्यायची. पगार ठरवतानाही भिडस्तपणा नाही. १७६७ मध्ये राजाने तिला वर्षाला ८,००० लिव्र मंजूर केले. ही रक्कम त्या काळात भली मोठी होती. काही सर्जन तिच्यावर नाक मुरडत. जुन्या सुईणींनाही ती डोळ्यांत खुपे. मला तिचं एक मात्र पटत नाही. खेड्यातल्या सुईणी म्हणजे नुसत्या अडाणी, असा तिचा सूर असतो. आमच्या आजीच्या गावची सुईण अंगठाबहाद्दर होती, पण पोटावर हात ठेवून मूल कसं आहे ते सांगायची. तसल्या हातांची कदर हिनेच करायला हवी होती, कारण हिची सगळी विद्या तर हातावरच उभी!

१७६९ मध्ये तिच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली. त्यात २६ रंगीत चित्रं होती. तेव्हा रंगीत छपाई म्हणजे केवढं खर्चाचं काम. या चित्रांत चिरफाड केलेली भयंकर बाई नाही. हाडांच्या चौकटीत मूल कसं आहे आणि सुईणीचे हात कुठे आहेत तेवढंच. वाचता न येणाऱ्या मुलीने पान उघडलं तरी आपला हात कुठे जायला हवा ते तिला दिसावं. आमच्या बाईंनी उलटलेल्या त्या पानांवरही चित्रं होती. नुसती बघू दिली असती तरी चाललं असतं.

१७८३ नंतर ती बोर्दो शहरात राहिली. जिला ती भाची म्हणायची त्या मार्गरितने, म्हणजे मादाम कुतांसोने, तिथे सुईणींना शिकवण्याचं काम पुढे चालवलं. तोपर्यंत फ्रान्समध्ये क्रांती झाली, राजाचं डोकं उडवलं गेलं आणि राजाचं फर्मान घेऊन फिरलेली ही म्हातारी १७९४ च्या एप्रिलमध्ये बोर्दोलाच वारली.

तिने केलेल्या यंत्रांपैकी एक आज रुआँ शहरात आहे. फ्लोबेर आणि वैद्यकाचा इतिहास असं तिथल्या संग्रहालयाचं नाव. लेकीने दाखवलेला फोटो त्याचाच. या बाहुलीचा एक्स-रे काढला तेव्हा आत कापडात खऱ्या माणसाची ओटीपोटाची हाडं दिसली. कुण्या तरुण बाईची. ते वाचून मी शिवायला घेतलेलं काम तसंच ठेवून बराच वेळ बसून राहिले.

हे सगळं मी आईला सांगितलं. तिचं आता वय झालंय, ऐकू कमी येतं, म्हणून लेकीने फोटो मोठा करून दाखवला. आई बराच वेळ त्या बाळाकडे बघत होती. मग तिने एवढंच विचारलं, की मूल पायाळू असलं तर काय करायचं तेही या बाईने शिकवलं होतं का.

पायाळू माणसाने पाठीला पाय लावला की चमक निघते, म्हणून आमच्या गावात अशा माणसाला मान असतो. लहानपणी मी आईला विचारायचे, आपल्या घरात कुणी पायाळू नाही का? ती काही बोलायची नाही. माझ्या आधी तिला एक मूल झालं होतं आणि ते राहिलं नाही, इतकंच मला ठाऊक होतं. तेही काकूकडून कळलेलं.

त्या संध्याकाळी आई बोलली. पहिला मुलगा होता. पाय आधी आले होते. अंग सगळं बाहेर आलं आणि डोकं राहिलं. सुईण घाबरली आणि तिने ओढलं. सुईणीचाही दोष नव्हता, तिला कुणी सांगितलंच नव्हतं, असं आई दोनदा म्हणाली.

लेकीने उशी मांडीवर घेतली. माझ्या क्लासमधल्या मुलींनी शिवलेली एक बाहुली तिथे पडली होती, ती घेतली आणि डोकं कसं सोडवतात ते आजीला हळूहळू करून दाखवलं. त्या बाहुलीला तोंड नव्हतं, दोऱ्याचे दोन टाके होते नुसते. आईने ती हातात घेतली आणि मला म्हणाली, इथे जरा उसवून दे. मी कातर आणली.